पोट भरतं, पण अंगी लागत नाही

गेल्या अंकात याच पानावर मी लिहिलं होतं की घरापासून लांब राहून शिकणाऱ्या मुलामुलींनी जेवणाखाण्याबद्दल, पैशाबद्दल जे काही विचारायचं असेल ते मोकळेपणानं विचारा. पत्रं भरपूर आली. सगळी छापणं शक्य नाही, पण बऱ्याच पत्रांत तीच ती अडचण आहे त्यामुळे पाच घेतलीत. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगते, मी नारायण पेठेत बावीस वर्षं मेस चालवली, त्यामुळे ताटात काय पडतं आणि का पडतं हे मला पळीच्या बाजूनं माहिती आहे. आहाराचे आकडे मी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे वापरते, म्हणजे आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या एनआयएनचे, मनानं काही सांगत नाही.

प्रश्न : ताई, मी परभणी जिल्ह्यातला, दोन वर्षं झाली सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करतोय. घरून महिन्याला ८ हजार येतात. कॉटबेसिसवर (म्हणजे खोलीत एका खाटेपुरती जागा) ३ हजार, अभ्यासिका १२००, मेस एकच वेळची लावलीय १६०० ची (दोन वेळची २८०० आहे), उरलेल्या २२०० मध्ये पुस्तकं, टेस्ट सिरीज, रिचार्ज, चहा सगळं. सकाळी काही खात नाही, दुपारी मेस, रात्री दोन वडापाव आणि चहा. दुपारी जेवलं की अभ्यासिकेत डोळे मिटतात, केस गळायला लागलेत, वजन ६२ होतं ते ५६ झालंय. मित्र म्हणतो प्रोटीन पावडर चालू कर. करू का?

उत्तर : बाळा, पावडर राहू दे बाजूला, आधी एकदा डॉक्टरकडे जाऊन ये. न ठरवता सहा किलो कमी होणं हे बहुतेक वेळा कमी खाण्यामुळेच असतं पण रक्त तपासून शुगर, थायरॉईड, टीबी असलं काही नाही ना ते एकदा बघून घ्यावं. सरकारी नाहीतर महापालिकेच्या दवाखान्यात जा, तिथं जास्त पैसे लागत नाहीत. हे टाळू नको.

आता तुझाच हिशेब तुझ्यासमोर मांडते. एक वेळची मेस सोडून तू महिन्याला १२०० वाचवतोस, म्हणजे दिवसाला ४० रुपये. आणि रात्री दोन वडापाव नि चहाचे किती देतोस? ४० ते ५० कुठंच गेले नाहीत. म्हणजे वाचलं काहीच नाही, फक्त चपाती-भाजी-वरणाच्या जागी पाव आणि बटाटा आला. माझ्या मेसमध्ये शेकडो मुलांनी हेच केलं, महिन्याच्या वीस तारखेनंतर कार्ड एक वेळचं करायचे, आणि मला ते तेव्हाच कळायचं कारण दुसऱ्या दिवशी दुपारी तोच मुलगा चार चपात्यांऐवजी सात खायचा आणि नुसता भात मागायचा. दिवसभराची भूक एका ताटात भागवायला गेलं की मग झोप येणारच, त्यात तुझा काही दोष नाही, सकाळपासून रिकामं पोट आणि मग एकदम डोंगरभर भात.

प्रोटीनचं म्हणशील तर एनआयएनच्या २०२० च्या आकड्यांप्रमाणं किलोमागं ०.८३ ग्रॅम लागतं. तुझं वजन ६० धरू, तिथवर तरी तुला परत यायचंय, म्हणजे झाले ५० ग्रॅम. मेसच्या एका जेवणातून, चार चपात्या, भात, पातळ वरण आणि बटाट्याची भाजी धरून, तुला १८-२० ग्रॅम मिळतं. वडापाव, चहा, बिस्किटं मिळून आणखी १० धर. म्हणजे रोज २० ग्रॅमचा खड्डा आहे आणि तो दोन वर्षं पडतोय. केस, वजन, थकवा या सगळ्याला तेवढं एक कारण पुरेसं आहे.

हा खड्डा भरायला पावडर लागत नाही. मूठभर शेंगदाणे, म्हणजे ३० ग्रॅम, त्यात ७ ग्रॅम. भिजवलेले हरभरे किंवा मटकी कोरडी मोजून ५० ग्रॅम, त्यात १० ग्रॅम. अंडं खात असशील तर एका अंड्यात ६ ते ७. मी आमच्या दुकानाच्या भावानं मोजलं तर शेंगदाणे, मटकी आणि एक अंडं मिळून दिवसाला १८-२० रुपये होतात. पावडरचा डबा २ हजाराच्या खाली चांगला मिळत नाही आणि तो संपला की पुन्हा २ हजार. तुझ्याकडं तेवढेच पैसे उरतात महिन्याला.

मग हे २० रुपये आणि दुसऱ्या वेळच्या मेसचे ४० कुठून आणायचे. मेसचे ४० तर वडापावचेच, ते इकडचे तिकडे गेले. राहिले २०, ते चहात आहेत. तू किती चहा पितोस ते लिहिलं नाहीस, पण पेठेतली मुलं चारच्या खाली पीत नाहीत, आणि टपरीवर चहा १० रुपयाला आहे. चहा बंद कर असं मी अजिबात म्हणणार नाही, तिथंच चार मित्र भेटतात, करंट अफेअर्सची चर्चा होते, घरची आठवण येते तेव्हा बोलायला माणूस मिळतो. पण चारचे दोन कर. निकाल लागेपर्यंत एवढं जमेल तुला.

एक मेसवाल्याच्या आतली गोष्ट सांगते. डाळ महाग असते, म्हणून कुठल्याही मेसमध्ये पहिल्या पंगतीचं वरण दाट असतं आणि गर्दी वाढली की त्यात गरम पाणी ओतलं जातं. मीही ओतलंय, खोटं कशाला बोलू, साडेबाराला पातेलं निम्मं झालं आणि अजून ८० पोरं यायची असली की दुसरा इलाज नसायचा. त्यामुळे जमलं तर मेस उघडल्या उघडल्या जा, आणि वाढणाऱ्याला सांग की मावशी खालून ढवळून घाला. वाईट वाटून घेत नाही कोणी. चपाती वाढवून घेण्यापेक्षा वरणाची वाटी वाढवून घे, उसळ असेल त्या दिवशी भाजी कमी घे आणि उसळ दोनदा घे. कार्डाचे पैसे भरायच्या आधी खाड्याचा नियम विचार, किती दिवस आधी सांगायचं, सलग किती दिवस असेल तर पैसे वळते होतात, कारण गावी गेल्यावर आठ-दहा दिवसांचे पैसे असेच जातात. आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, त्या एका रात्रीत मुलं बाहेर १५०-२०० घालवतात. त्या रात्रीची सोय आधी करून ठेव, दूध, केळी, मूठभर दाणे आणि पोहे असले तरी पुरतं.

मटकीला मोड कसे आणायचे ते सांगते, कारण मुलं म्हणतात ताई आमची मटकी नासते. सकाळी अभ्यासिकेत जाताना दोन मुठी मटकी धुऊन भरपूर पाण्यात भिजत टाक. रात्री आल्यावर पाणी पूर्ण काढून टाक, पूर्ण म्हणजे पूर्ण, खाली पाणी राहिलं की वास येतो. मग ओल्या सुती रुमालात घट्ट गाठोडं बांधून खिडकीच्या गजाला अडकव. उन्हाळ्यात सकाळपर्यंत मोड येतात, डिसेंबर-जानेवारीत येत नाहीत, तेव्हा ते गाठोडं झाकणाच्या डब्यात घालून डबा चादरीत गुंडाळून ठेव, ऊब लागते त्याला. कच्चे मोड खाऊ नको, पोट बिघडतं, त्यावर उकळतं पाणी ओतून दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेव, मग कांदा, मीठ, लिंबू. ही तुझी सकाळ झाली. एवढं एक केलंस तरी दुपारची झोप कमी होईल.

पेठेत राहतोस म्हणून आणखी एक. हमाल पंचायतीचं कष्टाची भाकर माहिती असेलच, बाबा आढावांच्या पुढाकारानं १९७० च्या दशकात हमालांसाठी सुरू झालं, ना नफा तत्त्वावर. भाकरी, उसळ, झुणका असं साधं, भरभक्कम जेवण मिळतं आणि विद्यार्थीही जेवतात तिथं. शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली ती १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात अशी, जवळपास चालू केंद्र असेल तर दुपारी जायला अजिबात संकोच करू नको. याच पुण्यात एकेकाळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, आणि तशीच शिकून मोठी झाली ती माणसं. शिकताना कुणाच्या ताटात जेवलं म्हणून माणूस लहान होत नाही.

प्रश्न : मी कोल्हापुरात बीएस्सीला आहे, हॉस्टेलला राहते. कॉलेजच्या तपासणी शिबिरात माझं हिमोग्लोबिन ९.२ आलं. मैत्रिणी म्हणतात गूळ-शेंगदाणे खा आणि बीट खा, होईल बरोबर. हॉस्टेलला गॅस, इंडक्शन काही चालत नाही, फक्त किटली आहे. मेसची आमटी म्हणजे नुसतं पाणी. पैसेही बेताचे. काय करू?

उत्तर : गूळ-शेंगदाणे चांगलेच आहेत, खा. पण ९.२ हे नुसत्या गुळानं भरून येत नाही गं. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर पाहिजे, ८ ते ११ च्या मधलं म्हणजे मध्यम ॲनिमिया, त्याला लोहाच्या गोळ्याच लागतात आणि त्या सरकारी दवाखान्यात, आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. डॉक्टरांना विचारून त्या सुरू कर आणि ते सांगतील तितके महिने घे, मुली पंधरा दिवसांत सोडतात कारण मळमळतं, शौचाला काळी होते. काळी होणं हे गोळीमुळंच असतं, घाबरायचं नाही. मळमळलं तर जेवणानंतर घे. पाळीत जास्त जातं का, जंत आहेत का तेही डॉक्टरांना सांग, लाजू नको, कारण खालून गळती चालू असेल तर वरून कितीही ओतलं तरी भरत नाही.

आणि चहा. गोळी आणि जेवण या दोन्हीच्या मागंपुढं तासभर चहा-कॉफी नको. जेवणातलं लोह अंगी लागायच्या आत चहा ते अडवतो. हॉस्टेलच्या मुली जेवण झालं की लगेच किटली लावतात, सगळ्या खोलीची एकदम, आणि ज्यांना लोह कमी आहे त्याच मुली हे करत असतात. त्याउलट लिंबू, पेरू, आवळा यातल्या सी जीवनसत्त्वानं लोह शोषलं जातं. म्हणून जेवणात अर्धं लिंबू पिळायचंच, पाण्याच्या आमटीवर सुद्धा. पेरूत संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त सी असतं, आणि हंगामात गाड्यावर स्वस्तही असतो.

एनआयएनच्या आकड्यात पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि बाईला २९. म्हणजे घरात मुलाला जास्त वाढायची पद्धत आहे ती उलटी आहे, हे मला मनापासून सांगायचंय. तुझ्या घरी हे वाचून दाखव.

किटलीवर काय होतं ते बघ. दडपे पोहे, त्याला तर किटलीही लागत नाही, पातळ पोहे, कांदा, टोमॅटो, असेल तर ओलं खोबरं, दाण्याचं कूट, मीठ, लिंबू, दडपून अर्धा तास ठेवायचं. हळीव आण पावशेर, महिनोन्‌महिने जातात, रात्री एक चमचा लिंबाच्या पाण्यात भिजवायचे, सकाळी फुगतात, गुळाचा खडा घालून खायचे, लोहाला हळिवासारखं स्वस्त काही नाही. घरून भाजून दळून नाचणीचं सत्त्व आण, किटलीतल्या उकळत्या पाण्यात कालवून त्यात दूध घालायचं. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आहे. फक्त हे दूध-नाचणी गोळीच्या वेळेला नको, कॅल्शियम लोहाला आड येतं, गोळी रात्री घेत असशील तर हे सकाळी.

मेसच्या आमटीबद्दल चार मुलींनी मिळून रेक्टरकडं लिहून द्या. एकटीनं तोंडी सांगितलं तर कुणी ऐकत नाही, पंधरा सह्या असल्या की ऐकतात. आठवड्यातून तीन दिवस मोडाची उसळ द्या एवढंच मागा, उसळ पातळ करता येत नाही.

प्रश्न : आम्ही चौघं इंजिनीअरिंगची मुलं नाशिकला फ्लॅट घेऊन राहतो. मेस सोडून घरीच करायला लागलो, पण महिन्याचा खर्च मेसपेक्षा जास्त होतोय आणि भांडणं वेगळी. गेल्या महिन्याचा किराणा लिहितो : गव्हाचं पीठ २० किलो, तांदूळ १५ किलो, तूरडाळ ३ किलो, तेल ६ लिटर, बटाटे १५ किलो, मॅगीची ६० पाकिटं, चीज, सॉस, ब्रेड वेगळं. कुठं चुकतंय?

उत्तर : यादी पाठवलीत हे फार चांगलं केलंत, अशी यादी बघितली की मला ताट डोळ्यासमोर दिसतं. पीठ-तांदूळ तुमच्या वयाला ठीक आहे. चुकतंय ते डाळ आणि तेलात.

एनआयएननं २०२४ मध्ये जी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात २००० कॅलरीच्या दिवसाच्या ताटाला धान्य २५० ग्रॅम, डाळ-कडधान्य ८५ ग्रॅम, भाज्या ४००, दूध किंवा दही ३०० मिली, तेल-तूप २७ ग्रॅम धरलंय. तुमच्या वयाची मुलं धान्य याच्यापेक्षा जास्त खाणार, खाऊ दे. पण डाळ बघा, माणशी महिन्याला अडीच किलो, चौघांना १० किलो, आणि तुम्ही आणता ३. तेल माणशी आठशे ग्रॅमच्या आसपास, चौघांना साडेतीन लिटर पुरे, आणि तुम्ही घालवता ६. अडीच लिटर तेलाचे आणि ६० मॅगीचे पैसे एकत्र केलेत तर त्यात सगळं राहिलेलं कडधान्य येतं आणि वर अंडी येतात. सगळी तूरडाळ नका घेऊ, ती महाग पडते, २ किलो तूर, २ मूग, २ मसूर, आणि हरभरा, मटकी, चवळी मिळून ४. मसूर भिजवायला लागत नाही आणि लवकर शिजते, कॉलेजवरून दमून आल्यावर तीच बरी. राजमा आणलात तर रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, कुकरला चांगला मऊ होईपर्यंत शिजवा, अर्धाकच्चा राजमा खाल्ला तर उलट्या होतात, ही गोष्ट गमतीवारी घेऊ नका.

सोया चंक्सही ठेवा घरात. निम्मं प्रोटीनच असतं त्यात, २५ ग्रॅम कोरडे घेतले तर १२-१३ ग्रॅम. मुलं म्हणतात वास येतो, तर ते मीठ घातलेल्या गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून, घट्ट पिळून, पुन्हा धुऊन पिळायचे, मग खिचडीत नाहीतर रश्श्यात टाकायचे, वास राहत नाही.

रोज रात्री कुकर हे धोरण ठेवा. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी सालाची मूगडाळ, मेथी किंवा पालकाची अर्धी जुडी चिरून, गाजर, मूठभर दाणे, हळद, मीठ, तिखट, वरून फोडणी. एकच भांडं घासायला. भाजी सकाळी घ्यायला जाऊ नका, आठवडे बाजारात उठायच्या वेळेला जा, संध्याकाळी सातनंतर शेतकऱ्याला माल परत न्यायचा नसतो, जुड्या निम्म्या भावात देतात. पण घासाघीस फार करू नका त्यांच्याशी, तुमच्यातल्याही कुणाचे आईवडील असेच कुठंतरी पाटी घेऊन बसत असतील.

भांडणाचं म्हणाल तर जो रांधेल त्यानं भांडी घासायची नाहीत, हा एकच नियम, आणि पैसे महिन्याच्या एक तारखेला चौघांनी सारखे काढून एका डब्यात ठेवायचे, किराणा त्यातूनच. चीज-सॉस ज्याला पाहिजे त्यानं स्वतःच्या पैशानं आणावं.

प्रश्न : नंदुरबार जिल्ह्यातून पुण्याला डिग्रीला आलोय. आदिवासी वसतिगृहात नंबर लागला नाही. बाहेर खोली केली, पण खोलीभाडं दिलं की जेवायला काही राहत नाही. कुणाला मागायची लाज वाटते.

उत्तर : मागायचं नाहीये, हक्काचं आहे ते घ्यायचंय. ज्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही त्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. पुण्यात राहून शिकत असशील तर वर्षाला ६० हजार, त्यातले ३२ हजार जेवणाचे, २० हजार राहण्याचे, ८ हजार निर्वाहाचे, थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात. पुणे जिल्ह्याचं प्रकल्प कार्यालय घोडेगावला आहे, तिथं चौकशी कर. याच धर्तीवर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आणि ओबीसी, भटक्या-विमुक्त मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. वाचणाऱ्या सगळ्यांनी आपापल्या मित्रांना सांगा, कारण अर्जाची मुदत गेल्यावर कळलेली मुलं मी दरवर्षी बघते. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, हजेरीचं पत्र, खोलीचा भाडेकरार आधीच काढून ठेव. पैसे हप्त्यानं येतात, लगेच येत नाहीत, तोपर्यंतच्या महिन्यांसाठी कॉलेजच्या कमवा आणि शिका योजनेत नाव घाल. आणि पैसे आले की त्याच दिवशी सहा महिन्यांच्या मेसचे बाजूला काढ, मोबाईलचा हप्ता नंतर.

प्रश्न : मुलगा पुण्यात शिकतो, आम्ही धाराशिव जिल्ह्यात. दर पंधरा दिवसाला एसटीनं काहीबाही पाठवते. तो म्हणतो फरसाण, चिवडा पाठव. मला वाटतं अंगाला लागेल असं काही पाठवावं, पण टिकणारं काय? त्याचे वडील म्हणतात पैसेच पाठव, तो घेईल.

उत्तर : वहिनी, पैसेही पाठवा आणि डबाही पाठवा, एकाची जागा दुसऱ्यानं भरत नाही. माझा धाकटा भाऊ साताऱ्याला शिकायचा तेव्हा आई रोज पहाटे डबा करून स्टँडवरच्या पहिल्या गाडीत ठेवायची. पितळी डबा, वर धुवट फडकं बांधलेलं, फडक्याला ऑईलपेंटनं नाव. कंडक्टर काही न बोलता इंजिनाशेजारी ठेवून घ्यायचे, तिथं ऊब असायची म्हणून. भाकरी तीन तासांनी पण मऊ. पावसाळ्यात गाडी अडकली की दिवसभर आईचं लक्ष लागायचं नाही, पोरगं उपाशी असेल म्हणून. त्यामुळे तुम्हाला काय वाटतं ते मला कळतं.

तुमच्याकडं सोलापूर जवळ, ज्वारीची कडक भाकरी तुम्हाला करता येतच असेल, ती पंधरा दिवस काही होत नाही. दहा-बारा पाठवा. तिच्याबरोबर शेंगाचटणी, उखळात कुटलेली, तेल सुटेपर्यंत. मिक्सरला केली तर थांबून थांबून फिरवा, गरम झाली की खवट लवकर होते. शेंगाचटणीत प्रोटीन आहे, पण एकच चटणी नको, एकदा जवसाची, एकदा कारळ्याची, एकदा तिळाची पाठवत जा. तीळ आणि कारळ्यात कॅल्शियम आणि लोह दोन्ही आहे, हॉटेलच्या जेवणात हे त्याला कुठंही मिळणार नाही. वरणभातावर कोरडी चटणी दोन चमचे पडली तरी त्या जेवणाचा कस वाढतो.

मेतकूट पाठवा, मऊ भात आणि मेतकूट आजारात फार उपयोगी पडतं. सातूचं पीठ पाठवा, गहू आणि डाळवं भाजून दळलेलं, थोडी सुंठ-वेलची घालून, ते दुधात किंवा नुसत्या पाण्यात गूळ घालून कालवलं की दोन मिनिटांत नाश्ता होतो, परीक्षेच्या सकाळी यापेक्षा सोपं काही नाही. दाण्याचे लाडू गुळात करा, पाक न करता, नुसतं कुटून, पंधरा दिवस सहज राहतात. बाकी चिवडा पाठवायचाच असेल तर तुम्हीच करा, पोहे भाजून, तेल कमी, दाणे आणि डाळवं हात राखून न घालता भरपूर. तोही खूश, तुम्हीही.

चटण्या पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. स्टीलचा डबा चांगला पुसून, उन्हात ठेवून मग भरा, आणि प्रत्येक डब्यावर तारीख चिकटवा, मुलं जुनंनवं बघत नाहीत. ओला चमचा घालू नको म्हणून फोनवर सांगा. आणि रिकामे डबे परत मागवा दर खेपेला. कुठला डबा पुसून काढलेला येतो आणि कुठला निम्मा भरलेला येतो त्यावरून पुढच्या वेळी काय पाठवायचं ते तुम्हाला आपोआप समजेल, तो फोनवर सगळं चांगलं होतं असंच सांगणार.